लकी बांबू : घरात ठेवावा तो रोप म्हणून

अलीकडच्या काळात लकी बांबू या नावाचे रोप शहरातील दिवाणखान्यांतून तालुक्याच्या गावी आणि तेथून खेड्यातील घरांपर्यंत येऊन पोहोचले आहे. वास्तुशांत, लग्न, दुकानाचे उद्घाटन किंवा दिवाळी अशा प्रसंगी काचेच्या भांड्यात उभ्या केलेल्या आणि लाल फितीने बांधलेल्या या हिरव्या कांड्या भेट म्हणून दिल्या जातात. घरी आल्यावर त्या फडताळावर किंवा दूरदर्शन संचाशेजारी ठेवल्या जातात, आणि पुष्कळ घरांत पुढे त्यांच्याकडे लक्ष जात नाही. काही महिन्यांनी पाने पिवळी पडतात, कांडी मऊ होते, पाण्याला वास येऊ लागतो. मग रोप उकिरड्यावर जाते आणि त्याबरोबर घरातील भाग्यही गेले की काय, अशी अकारण रुखरुख मागे राहते.

शेतीविषयक पत्रिकेने अशा शोभेच्या रोपाची चर्चा कशासाठी करावी, असा प्रश्न काहींच्या मनात येईल. ज्वारी, कापूस, ऊस यांच्या अडचणी थोड्या का आहेत, असेही कोणी म्हणेल. परंतु गावपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्याला लोक केवळ पिकांविषयीच विचारतात असे नाही. परसातील कढीलिंब, दारची तुळस आणि फडताळावरील लकी बांबू यांविषयीही विचारतात. आणि विशेषतः घरातील भगिनी विचारतात. त्यांना योग्य उत्तर मिळाले, तर पुढे बियाणे, खत व पाणी यांविषयीच्या सल्ल्यावरही त्यांचा विश्वास बसतो. दुसरे कारण याहून महत्त्वाचे आहे. हे रोप साठवलेल्या पाण्यात ठेवले जाते, आणि घरातील साठवलेल्या पाण्याचा प्रश्न हा कुटुंबाच्या आरोग्याचा प्रश्न आहे. नशिबाची वस्तू समजून ज्या भांड्याला कोणी हात लावत नाही, त्याच भांड्यात डेंग्यूचे डास वाढू शकतात. म्हणून लकी बांबू घरात अवश्य ठेवावा. मात्र तो रोप म्हणून ठेवावा आणि रोपासारखीच त्याची निगा राखावी.

नाव बांबू, कूळ निराळे

प्रथम नावाचा घोळ दूर केला पाहिजे. लकी बांबू हा बांबू नव्हे. बांबू हा गवताच्या कुळातील, म्हणजे भात, ज्वारी व ऊस यांचा भाऊबंद होय. लकी बांबू हे ड्रॅसिना वर्गातील झुडूप असून त्याचे शास्त्रीय नाव ड्रॅसिना सँडेरियाना असे आहे. आजच्या वर्गीकरणाप्रमाणे ते शतावरीच्या कुळात मोडते. इंग्लंडमधील प्रसिद्ध ऑर्किड रोपवाटिकेचे मालक हेन्री फ्रेडरिक कॉनराड सँडर (१८४७–१९२०) यांच्या नावावरून त्याला हे नाव मिळाले. त्याचे मूळ स्थान मध्य आफ्रिकेच्या पश्चिमेकडील कॅमेरूनच्या बाजूची दमट जंगले हे होय. बाजारात येणाऱ्या मालाची लागवड मात्र मोठ्या प्रमाणावर दक्षिण चीन व तैवान या भागांत होते. कांडीवरील पेरे बांबूसारखी दिसतात, एवढेच काय ते साम्य. बहुतेक बांबूंची काठी आतून पोकळ असते, लकी बांबूची कांडी भरीव व रसदार असते.

हा फरक केवळ पुस्तकी नाही. लकी बांबूची कांडी पेलाभर पाण्यात मुळ्या धरते, हे पाहून बांधावरच्या बांबूची काठीही तशीच रुजेल अशी कोणाची समजूत झाली, तर पदरी निराशा येईल. मानवेल बांबूची रोपे मुख्यतः बियांपासून तयार करतात. कोकणातील माणगा बांबूची लागवड कंदासह खणून काढलेल्या काठीपासून किंवा काठीच्या तुकड्यांपासून करतात. पण त्या तुकड्यांना वाफा, ओलावा व संजीवकाची जोड द्यावी लागते. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. खऱ्या बांबूचे कोवळे कोंब शिजवून खातात, म्हणून लकी बांबूचा कोंब कोणी भाजीत घालू नये. ड्रॅसिनाच्या पानांत व कांड्यांत सॅपोनिन नावाची द्रव्ये असतात. कुत्र्या-मांजरांनी ती चघळल्यास त्यांना उलट्या होतात व लाळ गळते. लहान मुले व पाळीव प्राणी यांच्या हाताला किंवा तोंडाला लागणार नाही अशा जागी हे रोप असावे.

भाग्याची समजूत

कांड्यांची संख्या अमुक असावी, चार कांड्या कधीही देऊ नयेत, असे विक्रेते सांगतात. या समजुतीचे मूळ चिनी लोकांच्या फेंगशुई परंपरेत आहे. चिनी भाषेत चार या अंकाचा उच्चार मृत्यू या अर्थाच्या शब्दाशी जुळतो, म्हणून तेथे तो अंक टाळतात. मराठी मुलखाला त्याचे काही कारण नाही. ज्या समाजात चारधामाची यात्रा पुण्याची आणि चारचौघांचा शब्द मानाचा, तेथे चार कांड्यांनी घाबरून जाण्याजोगे काय आहे? ज्याची श्रद्धा असेल त्याने ती जरूर बाळगावी. कोणाच्या भावनेला धक्का देणे हे विस्तार कार्यकर्त्याचे काम नव्हे. परंतु कांडी पिवळी पडली म्हणजे घरावर संकट येणार, ही भीती मात्र त्याने समजावून दूर करावी. कांडी पिवळी पडते ती घाण पाण्याने, कडक उन्हाने, जादा खताने किंवा मूळ सडल्याने. यांतील प्रत्येक कारण माणसाच्या हातातले आहे.

एका कांडीपासून अनेक रोपे

लकी बांबूची अभिवृद्धी छाट कलमाने होते, आणि ती करण्यासाठी कोणतेही महागडे साधन लागत नाही. उसाची लागवड ज्याने केली आहे त्याला ही रीत समजावयास वेळ लागणार नाही. उसाच्या टिपरीवर जसा डोळा असतो, तसाच या कांडीवरही प्रत्येक पेराशी सुप्त डोळा असतो. तो जिवंत असेल तर तेथून नवा कोंब फुटतो.

कलमाचे दोन प्रकार आहेत. पहिला प्रकार शेंड्याच्या किंवा बगलफुटीच्या कलमाचा. मुख्य कांडीवर आलेला वीतभर लांबीचा निरोगी फुटवा धारदार व स्वच्छ चाकूने कांडीलगत कापावा. खालच्या निम्म्या भागावरील पाने काढून टाकावीत, म्हणजे ती पाण्यात बुडून कुजत नाहीत. मग तो फुटवा दोन ते तीन बोटे खोल स्वच्छ पाण्यात उभा ठेवावा. उबदार दिवसांत साधारणपणे दोन ते चार आठवड्यांत मुळ्या दिसू लागतात. थंडीत याहून अधिक काळ लागतो. या मुळ्यांचा रंग नारिंगी-तांबूस असतो. तो रोगाचा नसून निरोगीपणाचा आहे. काळपट, बुळबुळीत व वास येणारी मुळी मात्र सडलेली समजावी व कापून टाकावी.

दुसरा प्रकार कांडीच्या तुकड्यांचा. रोप फार उंच होऊन वाकले असेल, तर शेंडा कापून त्याचे पहिल्या प्रकारे कलम करावे आणि उरलेल्या कांडीचे प्रत्येकी दोन-तीन पेरांचे तुकडे करावेत. येथे उसाशी एक फरक आहे. उसाची टिपरी आडवी लावली तरी चालते. हा तुकडा मात्र उभा लावावा लागतो आणि त्याचे खालचे टोक खालीच राहिले पाहिजे. उलटा ठेवलेला तुकडा नीट रुजत नाही. कापताना प्रत्येक तुकड्याच्या वरच्या टोकाला खूण करून ठेवली, म्हणजे गोंधळ होत नाही. उघड्या वरच्या टोकावर मेणबत्तीच्या मेणाचा थेंब सोडला तर पाणी झिरपून ते टोक कुजण्याची भीती कमी होते. कापलेल्या टोकातून कांडी पुन्हा उंच वाढत नाही. फुटवा येतो तो त्याखालच्या डोळ्यातून. मूळ बुंध्याचा जो खुंट भांड्यात राहतो, त्यालाही अशीच नवी फूट येते. म्हणून तो निरुपयोगी समजून फेकू नये.

कलमे करण्यास जून ते सप्टेंबर हा उबदार व दमट हवेचा काळ सर्वांत चांगला. हातभर लांबीच्या एका कांडीपासून शेंड्याचे एक कलम, तुकड्यांची दोन-तीन आणि मूळ खुंट, असे चार-पाच जीव सहज तयार होतात. शेजारणीला द्यावयाची भेट विकत आणण्याऐवजी घरीच तयार करता येते, आणि अशा भेटीत आपल्या हाताचे कौतुकही असते.

पाण्यात ठेवावा की मातीत?

लकी बांबू पाण्यात जगतो, म्हणून तो पाणवनस्पती आहे असे पुष्कळांना वाटते. ही समजूत चुकीची आहे. पाण्यात तो तग धरतो; पण जोमाने वाढतो आणि दीर्घकाळ टिकतो तो निचऱ्याच्या मातीत. खेड्यातील घराला माती, शेणखत व वाळू यांचा तोटा नसतो. तेव्हा मुळ्या दोन-तीन बोटे लांबीच्या झाल्या, की रोप कुंडीत लावणे हेच अधिक श्रेयस्कर होय. दोन भाग पोयट्याची माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि एक भाग जाड वाळू असे मिश्रण करावे. कुंडीच्या बुडाशी छिद्र असलेच पाहिजे. मातीचा वरचा थर बोटाला कोरडा लागू लागला, म्हणजे पाणी द्यावे. रोज थोडे थोडे पाणी घालून माती सदा चिखलवट ठेवण्याने मुळे गुदमरतात, ही गोष्ट भाजीपाला करणाऱ्या शेतकऱ्याला निराळी सांगावयास नको.

ज्यांना शोभेसाठी पाण्यातच ठेवावयाचा असेल त्यांनी तो तसा ठेवावा. पण मग पाण्याची जबाबदारी पत्करली पाहिजे.

भांड्यातील पाणी आणि डास

डेंग्यू व चिकुनगुनिया पसरविणारा एडिस जातीचा डास गटारातील घाण पाण्यापेक्षा घरातील भांड्यांत साचलेले स्वच्छ पाणी पसंत करतो. पाण्याचे पिंप, कूलरची टाकी, जुने टायर, फुलदाणी ही त्याची ठिकाणे सर्वांना ठाऊक झाली आहेत. लकी बांबूचे भांडे हे त्याच मालिकेतील आहे, याकडे मात्र दुर्लक्ष होते. २००१ साली चीनहून जहाजाने अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात आलेल्या लकी बांबूच्या मालातून एडिस अल्बोपिक्टस जातीचे डास लॉस एंजेलिसच्या परिसरात पोहोचल्याचे आढळून आले. समुद्रप्रवासात कांड्या जिवंत राहाव्यात म्हणून त्या पाण्यात उभ्या करून पाठविल्या होत्या, आणि त्याच पाण्यातून डासांची पैदास समुद्रापलीकडे गेली. त्यानंतर तेथील अधिकाऱ्यांना असा माल पाण्यात पाठविण्यावर बंदी घालावी लागली. २००५ साली नेदरलँड्समध्येही लकी बांबू आयात करणाऱ्यांच्या काचगृहांत हेच डास सापडले. जे रोप डासांना समुद्र ओलांडून नेऊ शकते, त्याच्या भांड्याकडे घरात काणाडोळा करून कसे चालेल?

या डासाची मादी अंडी घालते ती भांड्याच्या आतल्या कडेला, पाण्याच्या पातळीच्या किंचित वर. ती अंडी कडेला घट्ट चिकटून राहतात आणि कोरड्यातही कित्येक महिने जिवंत राहू शकतात. पुन्हा पाणी चढले की त्यांतून अळ्या बाहेर पडतात. उबदार हवेत अंड्यापासून डास होण्यास साधारण आठ ते दहा दिवस पुरतात. म्हणून कमी झालेल्या पाण्यात वरून भर घालणे हा उपाय नव्हे; उलट त्यामुळे कडेवरची अंडी पाण्याखाली येतात. भांड्यात रंगीत खडे घातले म्हणजे डास होत नाहीत, हीदेखील भ्रामक समजूत होय. खड्यांच्या फटींतील पाणीही अळ्यांना पुरते.

योग्य रीत अशी : आठवड्यातून एक वार ठरवावा. ज्या गावात आरोग्य खात्याच्या सांगण्याप्रमाणे कोरडा दिवस पाळतात, तेथे तोच वार धरावा. त्या दिवशी रोप बाहेर काढून भांड्यातील सर्व पाणी कोरड्या जमिनीवर ओतावे. ते नाल्यात किंवा डबक्यात ओतू नये, म्हणजे अळ्या असल्यास त्या वाळून मरतात. भांड्याची आतली बाजू काथ्याने किंवा घासणीने खरवडून धुवावी. खडे चोळून धुवावेत, मुळ्यांवरून हलके पाणी सोडावे आणि मग ताजे पाणी भरावे. हे काम फार तर पाव तासाचे आहे. कुंडीखाली ताटली ठेवली असेल तर तिच्यातील पाणीही त्याच दिवशी टाकून ती घासावी.

याच साप्ताहिक कामात रोपाचेही हित आहे. ताज्या पाण्यात प्राणवायू अधिक असतो, मुळ्या सडत नाहीत, शेवाळ धरत नाही आणि वास येत नाही. माणसाच्या आरोग्यासाठी जे करावयाचे तेच रोपाच्या आरोग्यासाठीही हवे असते. ज्या घरी हे पाव तासाचे काम नेमाने होणे शक्य नसेल, तेथे रोप सरळ मातीत लावावे.

ऊन, पाणी आणि खत

मूळचे हे रोप दाट झाडांच्या सावलीतले आहे. त्याला उजेड हवा, पण थेट ऊन नको. पूर्वेकडील किंवा उत्तरेकडील खिडकीजवळची जागा उत्तम. दुपारच्या उन्हात पाने करपतात. अगदी अंधाऱ्या खोलीत पाने फिकी पडून फुटवे लांबुळके होतात. विदर्भातील उन्हाळ्यात ते घराच्या आतल्या थंड भागात हलवावे. नाशिककडील कडक थंडीत, पारा दहा अंशांच्या खाली उतरत असताना, रात्री उघड्या ओसरीवर ठेवू नये. कोकणच्या दमट हवेत मात्र ते सुपारीच्या सावलीत कुंडीतही सुखाने वाढते.

पानांची टोके तपकिरी होणे ही नेहमीची तक्रार होय. त्याचे एक कारण पाण्यातील क्षार, क्लोरीन व फ्लोराइड हे आहे. ड्रॅसिना वर्गातील झाडे फ्लोराइडला विशेष नाजूक असतात. नळाचे पाणी रात्रभर उघड्या भांड्यात ठेवून सकाळी वापरले, तर त्यातील क्लोरीन पुष्कळसा उडून जातो. फ्लोराइड मात्र जात नाही. अशा ठिकाणी पावसाचे स्वच्छ साठवलेले पाणी वापरणे उत्तम. साठवण मात्र झाकलेली असावी. यवतमाळ, चंद्रपूर व नांदेड जिल्ह्यांतील काही गावांच्या भूजलात फ्लोराइड अधिक असते, हे सर्वश्रुत आहे. पानांची टोके करपण्याची कारणे अनेक असल्याने त्यावरून पाण्याची परीक्षा होत नाही. परंतु त्या निमित्ताने गावच्या पिण्याच्या पाण्याची तपासणी झाली आहे किंवा नाही, याची चौकशी कार्यकर्त्याने केली तर ते इष्टच ठरेल. पिण्याच्या पाण्यात लिटरला दीड मिलिग्रॅमपेक्षा अधिक फ्लोराइड नसावे, असे भारतीय मानक आहे.

खताच्या बाबतीत हात आखडता असावा. पाण्यातील रोपाला दोन महिन्यांतून एकदा, १९:१९:१९ या विद्राव्य खताचा एक ग्रॅम पाच लिटर पाण्यात विरघळवून त्या पाण्यात ठेवले तरी पुरे. पुढच्या आठवड्यात ते पाणी नेहमीप्रमाणे बदलावे. पिकाला देतात त्या मापाने युरिया घातल्यास मुळ्या जळतात. नुकत्याच लावलेल्या कलमाला मुळ्या फुटेपर्यंत कोणतेही खत देऊ नये. मातीतील रोपाला वर्षातून दोन वेळा मूठभर गांडूळखत पुरेसे आहे.

कांडी एकदा पिवळी पडली की पुन्हा हिरवी होत नाही. ती तशीच ठेवल्यास तिच्या सडण्याने भांड्यातील इतर कांड्याही बिघडतात. म्हणून ती ताबडतोब काढावी. तिचा शेंडा अद्याप हिरवा व टणक असेल तर त्याचे कलम करून रोप वाचवावे. कांड्या तारेने किंवा फितीने बांधलेल्या असतील तर ते बंध दर काही महिन्यांनी सैल करावेत, अन्यथा ते कांडीत रुततात.

गावपातळीवर काय व्हावे

लकी बांबू हे नगदी पीक नाही आणि तसे ते कोणी भासवू नये. कोणी हमीच्या खरेदीचे आमिष दाखवून शेकडो रोपे गळ्यात मारू पाहील, तर शेतकऱ्याने सावध असावे. जवळच्या बाजारपेठेत मागणी असेल, तर बचत गटातील भगिनींनी दोन-चार कांड्यांपासून सुरुवात करून, घरची कलमे मातीच्या लहान कुंड्यांत लावून सणासुदीला विकण्यास हरकत नाही. त्यात गुंतवणूक थोडी व धोकाही थोडा. ही विक्री करताना रोपाबरोबर आठवड्याचे पाणी बदलण्याची सूचना अवश्य द्यावी.

शाळेतही या रोपाचा उपयोग होण्यासारखा आहे. कलमाला मुळी कोठून फुटते, डोळा म्हणजे काय, वरचे टोक व खालचे टोक यांत भेद का असतो, हे मुलांना काचेच्या पेल्यात डोळ्यांनी दिसते. ज्याने लहानपणी पेल्यातील कांडीला मुळी फुटताना पाहिली, तो पुढे बेणे निवडताना डोळा पारखून घेईल. पेल्यातील पाणी दर आठवड्याला बदलण्याचे काम मुलांकडेच सोपवावे, म्हणजे डासांच्या बंदोबस्ताचा धडाही त्यांना हातासरशी मिळेल.

गावातील कार्यकर्त्यांनी घरभेटीच्या वेळी पिंप व कूलर यांबरोबर या भांड्याकडेही एक नजर टाकावी, आणि पाणी शेवटचे कधी बदलले हा प्रश्न विचारावा. आरोग्य खात्याच्या आशा कार्यकर्तीशी या बाबतीत सहकार्य ठेवल्यास दोघांचेही काम हलके होईल. भाग्याचे रोप म्हणून आलेली कांडी घरात आजार आणण्यास कारण होऊ नये, एवढी दक्षता प्रत्येक कुटुंबाने घेणे अगत्याचे आहे. त्यासाठी आठवड्यातील पाव तास पुरेसा आहे. आणि तोही ज्याला शक्य नसेल त्याच्यासाठी मातीची एक कुंडी आहेच.